थंडीतले बारा खडे

काल बादली अर्धीच भरली आणि मी मनात म्हटलं, चला, आली थंडी.

अंधेरीला आमच्या संस्थेच्या तळमजल्यावर माझी प्रयोगशाळा आहे आणि तिच्या कोपऱ्यात हवेतली ओल ओढून घेणारं एक यंत्र आहे. त्याच्या पोटातली बादली पावसाळ्यात दिवसातून चारदा ओतावी लागते. ऑक्टोबरात तीनदा. मग डिसेंबर येतो आणि एका संध्याकाळी बघावं तर बादली अर्धीच. उरलेल्या महाराष्ट्रात शेकोट्या पेटतात तेव्हा आमच्याकडे पंखा पाचावरून दोनवर येतो, बस्स. आमच्या चारकोपात माणसं वीस डिग्रीला कानटोपी घालून दूध आणायला निघतात. हसा खुशाल. पण ही दीड महिन्याची, नावापुरती थंडी मला दिवाळीपेक्षा प्यारी आहे, कारण तेवढ्या दिवसांत माझा लेसर शहाण्यासारखा वागतो.

आमचा लेसर म्हणजे घरजावई. खोली एक डिग्रीने तापली की रुसला. हवा दमट झाली की रुसला. शेजारच्या प्लॉटवर जुनी सोसायटी पाडून टॉवरचं पायलिंग, म्हणजे पायाचे खांब ठोकणं, सुरू झालं की मग तर विचारूच नका, आरसे केसभर हलतात आणि अख्खा दिवस फुकट. म्हणून काम करायचं ते थंडीत, आणि तेही सकाळी सहा ते नऊ, पायलिंगवाले यायच्या आत. अशीच एक थंडी, माझ्या पीएचडीच्या शेवटच्या वर्षातली, दर डिसेंबरात मला पुन्हा भेटायला येते. ती थंडी मी जिंकले होते. आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको.

मी काय करत होते ते सोपं करून सांगते. हिरा म्हणजे कार्बनची कवायत. सगळे आपापल्या जागी, रांगेत. त्यात कुठेतरी एका कार्बनच्या जागी नायट्रोजन येऊन बसतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहते. याला आम्ही दोष म्हणतो. त्याच्यावर हिरवा प्रकाश टाकला की तो लाल प्रकाश देतो. (दोषातूनच प्रकाश येतो, वा, किती छान, असं मला आजवर लग्नाच्या हॉलमध्ये, सत्यनारायणाला आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना ऐकवून झालेलं आहे. कृपा करा. नायट्रोजनला त्याचं काहीही कौतुक नाही.) मला दोषाच्या लाल प्रकाशातही फारसा रस नव्हता. हिरवा प्रकाश पडला आणि लाल प्रकाश यायला लागला, या दोन्हींच्या मधे काय घडतं, ते मला बघायचं होतं.

मधे म्हणजे किती मधे? एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे पिकोसेकंद. प्रकाशासारखा धावणारा कुणी नाही, पण त्यालासुद्धा तिळाच्या दाण्याएवढं अंतर कापायला दहा पिकोसेकंद लागतात. आमची सगळी कारागिरी यावर उभी आहे. लेसरच्या एका झटक्याने दोषाला जागं करायचं. दुसरा झटका थोड्या लांबच्या रस्त्याने पाठवायचा, म्हणजे तो जरासा उशिरा पोचतो आणि विचारतो, काय रे, काय चाललंय? रस्ता अर्ध्या तिळाने वाढवला की प्रश्न पाच पिकोसेकंदांनी उशिरा. असं आरसा सरकवत सरकवत, तिळातिळाने, त्या मधल्या काळाचं चित्र काढायचं. घड्याळाने जमत नाही ते पट्टीने जमवायचं. मला आजही या युक्तीचं हसू येतं आणि अभिमानही वाटतो, जणू मीच शोधून काढली.

तर त्या चित्रात मला एक खळगी दिसली होती. जागं झाल्यावर दोष लगेच प्रकाश द्यायला लागत नाही. आधी चार-पाच पिकोसेकंद तो एका तिसऱ्याच अवस्थेत थांबतो. कुठल्या खड्यात किती थांबतो ते तो खडा तयार करताना भट्टीत कसा भाजलाय त्यावर ठरतं. कुठे तीन, कुठे सहा. ही थांबण्याची जागा आधी कुणी पाहिली नव्हती. तीन वर्षं मी या खळगीवर काढली. आम्ही लेख एका शोधपत्रिकेला पाठवला आणि तिथल्या परीक्षकाचं उत्तर आलं. भाषा गोड, मतलब कडू: हा परिणाम खड्यातला आहे की मोजणारीच्या मनातला, हे कळायला मार्ग नाही.

परांजपे मॅडम माझ्या गाइड. मुलुंडच्या, सडेतोड, कॉफीत साखर नाही आणि बोलण्यातही नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "प्राजक्ता, वाट लागली आहे हे आधी मान्य कर. मग पुढे बोलू."

"मॅडम, पण सिग्नल आहे ना. तुम्ही पाहिलाय."

"तू दाखवलास म्हणून पाहिला," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये तुझी फेलोशिप संपते. तोवर त्या माणसाचं तोंड बंद करता आलं तर ठीक. नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढायचं."

ते काढलं तर प्रबंधात प्रस्तावना आणि आभार उरले असते. पण खरं सांगू? फेलोशिपपेक्षा मला दुसरीच भीती खात होती. तीन वर्षं मी स्वतःला फसवत होते का? कुणी चोर म्हणालं तर भांडता येतं. तुला भास होतोय असं म्हणालं की माणूस स्वतःच्याच डोळ्यांकडे संशयाने बघायला लागतो.

त्या दिवशी घरी गेले तर आई स्वयंपाकघरात तीळ भाजत होती. चारकोपच्या त्या दोन खोल्यांत तिळाचा वास भरला की जानेवारी आला असं आम्ही समजतो. पप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्याबद्दल सांगायला हवं. आजोबा मालवणकडून आले ते गिरणीत लागले. पप्पा लागले चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका हिऱ्यांच्या कारखान्यात, सॉर्टर म्हणून. अठ्ठावीस वर्षं त्यांनी खड्यांचा रंग बघितला. पांढरा, किंचित पिवळट, त्याहून किंचित पिवळट, जिथे तुम्हाआम्हाला सगळे सारखेच दिसतात तिथे ते आठ ढीग करायचे. कामावर कायम करडा शर्ट, कारण शर्टाचा रंग खड्यात उतरतो. मग शेठने रंग बघणारं यंत्र आणलं आणि पप्पा घरी बसले. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त सकाळी उजेड चांगला असला की उगाच खिडकीशी जाऊन बसायचे.

"तोंड कित्याक पाडलंस गो?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. चिडून, भरभर, मधेच रडले पण असेन. आई आतून म्हणाली, "त्या आकड्यांका जेवण लागत नाय, तुका लागता. आधी जेव." पप्पा मात्र ऐकत होते. लेसर, आरसे, पिकोसेकंद, सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सकाळी बसलंस की पयलो खडो खयचो बघतंस?"

"कुठला म्हणजे? चांगला. ज्यात सिग्नल सगळ्यात छान येतो तो. मग बाकीचे. शेवटी साधे, दोष नसलेले. तुलनेसाठी."

"रोज?"

"रोज."

पप्पा पुढे सरकून बसले. "आमच्यात चांगलो खडो कधी पयलो बघूचो नाय," ते म्हणाले. "नजर बिघडता. मगे बाकीचे सगळे पिवळे दिसतत."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. चांगला खडा सहा वाजता, लेसर शांत असताना. साधे खडे नऊच्या सुमाराला, जेव्हा पायलिंगवाल्यांची पहिली धाडधाड सुरू व्हायची. तीन वर्षं. साध्या खड्यांत खळगी दिसत नाही याचं कारण ती तिथे नाही हे होतं, की तेव्हा जमीनच हलत होती? मला खरंच ठाऊक नव्हतं. आणि आम्ही भले शिकलेले, लाखमोलाच्या टेबलांवर काम करणारे, आमच्यापैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं, कारण आवडीची वस्तू आधी उचलायची हा आमच्या सगळ्यांचाच स्वभाव.

"आणि तुका म्हायत असता," पप्पा पुढे म्हणाले, "हातात खयचो खडो हा ता. माका कधी म्हायत नसायचा. शेठ पुडीत बांधून देई. वर फक्त नंबर. आपण रंग सांगूचो, लिवून देवचो, मगे दुसरो माणूस बघी. त्याका आपलो रंग दाखवूचो नाय." ते खुर्चीतून उठले. "खडे हय घेवन ये. मी पुडी करून देतंय."

दुसऱ्या दिवशी मॅडमना भीत भीत सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्या खुर्चीत मागे रेलल्या. "झकास," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

पुढचं सगळं त्यांनीच ठरवलं. खणांच्या डबीत त्यांनी वीसेक खडे भरले, तीन मिलिमीटरचे चौकोनी, दिसायला एकसारखे. काही दोषवाले, काही साधे. कुठल्या खणात काय याची यादी पाकिटात घालून पाकीट चिकटवलं, वर सही केली, आणि दोन्ही माझ्याच हाती पप्पांना पाठवली. सोबत पितळेच्या सारख्या चकत्या, मधे भोक असलेल्या. खडा चकतीत बसवला की कडा झाकतात, म्हणजे एखाद्याचा कोपरा उडालाय म्हणून मी तो ओळखायला नको. पहिल्या आठवड्यात सहा पुड्या, त्या मोजून परत केल्या की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या सहा.

पप्पांना खडे बसवताना मी पाहिलं नाही, बघायचंच नव्हतं. मला गच्चीवर पाठवलं. पण खाली आले तेव्हा टेबलावर पांढरा कागद पसरलेला होता आणि पप्पांनी करडा शर्ट घातला होता. घरात, रविवारी, इस्त्री केलेला. आईने मला डोळ्यांनीच सांगितलं, काही बोलू नकोस. सहा पुड्या ओळीने ठेवल्या होत्या, प्रत्येकीची घडी अगदी सारखी. आमच्या प्रयोगशाळेत चिमट्याने खडा उचलताना दर महिन्याला एखादा उडून जमिनीवर पडतो आणि मग आम्ही सगळे गुडघ्यांवर. पप्पांनी एकही पाडला नव्हता.

आता आमच्याकडे हाच रिवाज आहे. नवीन विद्यार्थी आला की त्याला पुडीची घडी शिकवली जाते, आणि माझे विद्यार्थी याला चारकोप पद्धत म्हणतात. परवा एक जण परदेशातल्या पाहुण्याला अगदी गंभीरपणे हेच नाव सांगत होता. पाहुण्याने वहीत लिहून घेतलं. मी मधे पडले नाही.

त्या पंधरा दिवसांच्या सकाळी मला एकेक करून आठवतात. चारकोपहून अंधारातच निघायचं, रिक्षात गार वारा लागला की ओढणी कानाभोवती. संस्थेच्या दारातल्या बदामाची पानं लाल होऊन गळत होती. लेसर सुरू करून चहा प्यायचा आणि मग पुडी उघडायची. रोज एकच खडा. प्रत्येकाला सारखा वेळ, आणि काम नऊच्या आत. आरसा सरकायचा, पडद्यावर एकेक बिंदू उमटायचा, आणि मी हात मांडीखाली घेऊन बसायचे. पहिल्यांदाच मला कुठला बिंदू कुठे पडावा असं वाटत नव्हतं, कारण काय वाटायला हवं हेच माहीत नव्हतं. किती हलकं वाटतं ते! कुणाच्याही बाजूने नसण्याची एक वेगळीच मजा असते, ती मला तेव्हा कळली. एक नंबर: खळगी नाही. दोन: आहे, पाच पूर्णांक आठ. तीन: आहे, चार पूर्णांक दोन. चार: नाही. मी लिहीत गेले.

दुसऱ्या आठवड्यात नऊ नंबरची पुडी उघडली आणि माझं धाबं दणाणलं.

खळगी होती. चार पूर्णांक दोन. तीन नंबरशी दशांशापर्यंत तंतोतंत. मी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर रेषेवर रेष. तीन नंबरच्या शेपटाला एक बारीकशी लहर होती, तीसुद्धा नऊमध्ये जशीच्या तशी. तीन वर्षांत कुठल्याही दोन खड्यांचा आकडा असा जुळला नव्हता, जुळायचं कारणच नव्हतं, प्रत्येक खडा वेगळा भाजलेला. याचा सरळ अर्थ एकच लागत होता. माझं यंत्र किंवा माझं गणित कुठेतरी अडकलंय आणि ठरलेलं उत्तर थुंकतंय. म्हणजे परीक्षक बरोबर होता. खळगी खड्यातली नव्हती. माझीच होती.

खोटं कशाला बोलू, नऊ नंबरसमोर चार पूर्णांक सहा लिहावं असं मला वाटलं. कुणाला कळलं असतं? एवढा फरक कुणी पकडत नाही. पेन कागदावर टेकलं सुद्धा होतं. मग मला पप्पांचा तो इस्त्रीचा शर्ट आठवला आणि स्वतःचीच शरम वाटली. मी चार पूर्णांक दोन लिहिलं आणि घरी जाऊन डोकं दुखतंय सांगून झोपले. भर दुपारी.

उरलेले तीन खडे मी मेल्या मनाने मोजले.

शनिवारी पप्पा यादी घेऊन संस्थेत आले. पहिल्यांदाच. खिशात पाकीट, पायात नवे बूट. मॅडम स्वतः दारापर्यंत गेल्या. फळ्यावर मी बारा ओळी लिहून ठेवल्या होत्या, नंबर आणि पुढे आकडा किंवा फुली. नऊ नंबरची ओळ लिहिताना खडू तुटला होता. पप्पा समोरच्या स्टुलावर बसले, चष्मा लावला, आपला कागद उलगडला आणि फळ्याकडे बघत एकेक वाचायला लागले.

"एक, साधो." फळ्यावर फुली. बरोबर.

"दोन, दोषवालो." बरोबर. तीन बरोबर. चार बरोबर. पाच, सहा, सात, आठ. मॅडम प्रत्येकाला मान हलवत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. माझा नाही. नऊला पप्पा थांबले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्यो आकडो असोच इलो? की तीन नंबर बघून लिवलंस?"

"असाच आला," मी म्हटलं. "पप्पा, तिथे काहीतरी चुकलंय. दोन खडे असे सारखे येऊच शकत नाहीत. म्हणजे माझी सगळी मोजणीच..."

"दोन खडे नाय ते," पप्पा म्हणाले. "खडो एकच."

मी फळ्यावरची तीन नंबरची ओळ पुन्हा वाचली.

"तू तीन नंबर परत दिलंस ना, तोच मी दुसऱ्या पुडीत घातलंय. शेठ असोच करी," ते सावकाश सांगू लागले, जसं काही ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट. "कधीतरी तोच खडो फिरून पाठवी. दोनदा दोन रंग सांगितलेस तर तुझी नजर खोटी. माझ्याकडे चार वेळा पाठवल्यान. चारय वेळा रंग तोच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "असो माणूस गावलो की मगे शेठ त्याका परत तपासणा नाय."

मॅडम खाली बसल्या. मग हसायला लागल्या, त्या मोठ्यांदा हसणाऱ्या बाई नव्हेत, पण त्या दिवशी कॉरिडॉरमधून लोक डोकावून गेले. दहा, अकरा, बाराही बरोबर निघाले, ते कुणी नीट ऐकलंसुद्धा नाही. मी फळ्याकडे बघत होते. ज्या आकड्यापायी मी तीन दिवस मेले होते, जो बदलायला मी निघाले होते, तोच सगळ्यात मोठा पुरावा होता. न ओळखता, आठवड्याच्या अंतराने, त्याच खड्याने मला तेच सांगितलं होतं. खळगी खड्यातली होती. माझी नव्हती. मला इतका आनंद झाला की मी पप्पांच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिले, मॅडमसमोर, लाज न बाळगता, आणि ते माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत होते, "भियालंस काय गो? भिया नको."

उत्तर तिथेच लिहायला बसलो. मी संगणकावर, मॅडम मागे उभ्या. परीक्षकाला कसं हाणायचं यावर आमचं थोडं भांडण झालं, त्या जिंकल्या, भाषा सौम्य राहिली. मग त्यांनी पप्पांकडे वळून विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगता का?"

"गेटवर लिवलंय," पप्पा म्हणाले.

"गेटसाठी नाही. लेखावर घालायचंय. हिच्या नावाच्या शेजारी."

पप्पांनी खरंच का म्हणून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि ते हळूच उठून उभे राहिले, वर्गात हजेरीला राहतात तसे. आणि अठ्ठावीस वर्षं ज्यांच्या हातून गेलेल्या एकाही खड्यावर कधी त्यांचं नाव आलं नव्हतं, त्या माणसाने एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "दत्ताराम. भिकाजी. घाडी." मी टाइप केलं, आणि स्पेलिंग बरोबर आहे ना, म्हणून त्यांनी जवळ येऊन स्वतः तपासून घेतलं.